किल्लीने लिनक्स बोर्ड चालू करायचाय? आधी तो बंद कसा होतो ते बघा

ऊस ओढणारा ट्रॅक्टर, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, पंचगंगेची पातळी मोजणारं सौर यंत्र. तिन्हीकडे रास्पबेरी पाय हा लिनक्सवर चालणारा छोटा संगणक-बोर्ड बसतो, पण त्याला जागं करणारा सिग्नल प्रत्येक ठिकाणी वेगळा. बोर्ड चालू करणं कुठल्याही पद्धतीत जमतं. फरक पडतो तो बंद होताना.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे किल्लीच्या पुढे १२ चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावणं. ट्रॅक्टरवर मी तो सुचवणार नाही. स्टार्टर मारताना बॅटरी ६-७ व्होल्टपर्यंत बसते आणि बोर्ड मध्येच रीसेट होतो. किल्ली काढताना मेमरी कार्डवर लिहिणं चालू असेल तर फाइल अर्धवट राहते. रूट फाइलसिस्टिम (लिनक्सच्या मूळ फाइल्स असलेला भाग) फक्त-वाचनासाठी ठेवणार असाल तरच हा विचार करा.

फाउंड्रीत वीज कायम असते, तिथे बोर्डाचीच पिन पुरते. रास्पबेरी पाय ४ वर जीपीआयओ ३ ही सिग्नल पिन क्षणभर ग्राउंडला टेकवली की हॉल्ट झालेला (लिनक्स थांबलेला, पण वीज असलेला) बोर्ड उठतो. मात्र हीच पिन सेन्सर जोडायच्या आयटूसी या दोन तारांच्या बसची क्लॉक आहे, त्यामुळे त्या बसवर सेन्सर असेल तर भांडण होतं. पीएलसीचे (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरचे) २४ व्होल्ट थेट जोडू नका, पिन ३.३ व्होल्टची आहे. मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) हवाच. रास्पबेरी पाय ५ ला पॉवर बटणाला समांतर जे२ नावाचे जोडणीचे पॅड आहेत. त्यांना बटणासारखी टिचकी लागते. सतत चालू राहणारा सिग्नल तिथे दिला तर बोर्ड ते बटण दाबून धरलंय असं समजतो आणि वीज जबरदस्तीने तोडतो.

नदीकाठी किल्लीच नसते. पाय ५ च्या आरटीसीला (बोर्डावरच्या घड्याळाला) अलार्म लावा, ईईप्रॉममध्ये (बूट सेटिंग्ज ठेवणाऱ्या मेमरीत) पॉवर-ऑफ-ऑन-हॉल्ट १ करा. झोपेतला खप ३ मिलीअँपिअरच्या आसपास येतो. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट. पाणी ३९ कडे सरकू लागलं की पुढचा अलार्म जवळचा लावायचा, म्हणजे एरवी बॅटरी वाचते.

ट्रॅक्टरसाठी मात्र लॅचवर (एकदा चालू झाली की वीज धरून ठेवणाऱ्या सर्किटवर) पैसे घाला. किल्लीचा सिग्नल मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू करतो, लिनक्स उठल्यावर जीपीआयओ-पॉवरऑफ ओव्हरले (पिनचं काम ठरवणारी सेटिंग) अॅक्टिव्ह-लो ठेवून तोच मॉसफेट धरून ठेवतो. किल्ली काढल्याचं दुसऱ्या पिनवर कळतं, बोर्ड नीट शटडाउन होतो आणि शेवटी मॉसफेट धरणाऱ्या पिनचं व्होल्टेज खाली जाऊन वीज तुटते. उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जवळजवळ भारच राहत नाही.

लॅच विकत घेताना एक चाचणी दुकानातच करा: शटडाउन चालू असताना किल्ली परत लावायची. कच्च्या सर्किटमध्ये लिनक्स थांबलेला आणि किल्लीमुळे वीज मात्र चालू, अशा अवस्थेत बोर्ड अडकतो. किल्ली पुन्हा काढेपर्यंत उठत नाही. तसं झालं तर ते सर्किट घेऊ नका.