इंजिन ठोकतंय: गाडी चालवत न्यायची की टो करून?

इंजिनातून नवा आवाज यायला लागला की आधी एवढंच ठरवायचं असतं. गाडी चालवत गॅरेजला न्यायची, की टो करून? दोन आवाजांची गल्लत इथे सर्वांत महागात पडते: पेट्रोलचं नॉकिंग आणि बेअरिंगचा ठोका.

नॉकिंग बहुधा घाटात ऐकू येतं. वरचा गिअर, वेग कमी, ॲक्सिलरेटर दाबलेला, आणि बोनेटखालून डब्यात खिळे हलवल्यासारखी खळखळ. गिअर खाली टाकला की ती थांबते. स्पार्कची ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, त्याचा हा आवाज. कारण कमी ऑक्टेनचं, म्हणजे आपोआप पेटायला कमी विरोध करणारं, पेट्रोल असू शकतं, तसाच साचलेला कार्बन, चुकीचा प्लग किंवा तापलेलं इंजिनही. इथेनॉलमुळे पेट्रोलचं ऑक्टेन वाढतं, म्हणून पंपाला दोष देण्याआधी कूलंट आणि प्लग बघा. तापमानाचा काटा जागेवर असेल तर हलक्या पायानं गाडी गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. पण महिनोन् महिने तशीच दामटली तर पिस्टन जायबंदी होतो.

बेअरिंगचा ठोका जाड असतो, खालून येतो आणि गिअर बदलून जात नाही. रेस वाढवली की ठोके भरभर पडतात. इंजिन तापून ऑइल पातळ झालं की आवाज आणखी ठळक होतो. पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड आणि इंजिनाचा फिरता दांडा, म्हणजे क्रँक, यांच्यामधल्या बेअरिंगवरचा ऑइलचा थर तुटून धातूवर धातू आपटत असतो. अशा वेळी ऑइलचा लाल दिवा लागायची वाट पाहू नका, गाडी कडेला घ्या आणि बंद करा. लवकर थांबलात तर क्रँक ग्राइंड करून नव्या बेअरिंगवर भागू शकतं. ओढत राहिलात तर रॉड तुटून ब्लॉक फोडतो, आणि मग पूर्ण इंजिनच बदलावं लागतं. टोचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

तिसरा आवाज टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हवर दाबणाऱ्या भागाचा. ही टिकटिक वरून येते, बारीक असते. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीनं फिरतो, त्यामुळे 800 आरपीएमला एक व्हॉल्व्ह मिनिटाला 400 वेळाच वाजतो. आधी डिपस्टिक बघा. ऑइल पुरेसं असेल आणि दिवा बंद असेल तर चालवत न्या. थंड डिझेल इंजिनाची थोडी खडखड तर स्वाभाविकच. ठरावीक आरपीएमलाच पत्रा थरथरत असेल तर बहुधा सायलेन्सरजवळचं हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा, सैल झालेलं असतं.

गॅरेजमध्ये लगेच इंजिन खोलू देऊ नका. स्कॅनरवरून एकेका सिलिंडरचा इंजेक्टर बंद करून बघायला सांगा. ज्या सिलिंडरला ठोका मंदावतो, बहुतेक त्याच रॉडचं बेअरिंग गेलेलं असतं. आणि जाड ऑइल किंवा बाटलीतलं औषध टाकून आवाज घालवून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. आवाज काही दिवस दबतो, झीज आत चालूच राहते.