गिंप हे चित्रे व डिझाइन करण्याचे विनामूल्य सॉफ्टवेअर नाव बदलून विकले जात आहे. छपाई व्यावसायिकांनी सावध राहावे

लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डे आणि फ्लेक्सची कामे करणाऱ्या तालुक्याच्या गावांतील छोट्या दुकानांत फोटोशॉपची चोरीची प्रत ही नवी गोष्ट नाही. ही प्रत काढून टाकून काही तरी कायदेशीर घ्यावे, असे वाटणाऱ्या दुकानदारालाच गाठून फसवणारा एक विक्रेता आमच्या भागात फिरत आहे. त्याच्याकडून मला आलेला अनुभव सविस्तर लिहीत आहे.

परदेशी कंपनीचे, फोटोशॉपच्या तोडीचे सॉफ्टवेअर असे सांगून त्याने मला साडेसात हजार रुपयांना एक प्रोग्राम विकला. परवाना एका संगणकापुरता आणि एका वर्षापुरता होता. "साहेब, उद्या धाड पडली तर हे बिल दाखवा, तुम्हाला कोणी हात लावणार नाही," असे त्याचे शब्द होते. प्रत्येक डिझाइन .xcf या अनोळखी प्रकारात सेव्ह होत असे. त्याबद्दल विचारले असता, ते कंपनीचे सुरक्षा कुलूप असून त्यामुळे आपले काम दुसऱ्याला उघडता येत नाही, असे उत्तर त्याने दिले. वर्ष संपताच नूतनीकरणाची मागणी आली आणि पैसे न भरल्यास जुन्या पत्रिकांच्या फाइलीही उघडणार नाहीत, अशी ताकीद मिळाली.

दिवाळीत घरी आलेल्या माझ्या भाच्याने ते .xcf पाहिले आणि ही गिंपची फाइल असल्याचे तत्काळ सांगितले. आम्ही प्रोग्रामचे फोल्डर उघडून पाहिले. सुरुवातीचे चित्र, चिन्ह आणि नाव बदललेले होते, परंतु आत libgimp-2.0-0.dll ही फाइल तशीच होती आणि फिल्टर्सच्या मेनूत स्क्रिप्ट-फू हे गिंपचे साधनही शिल्लक होते. नंतर gimp.org वरून मूळ गिंप विनामूल्य उतरवून घेतले, तेव्हा माझ्या सर्व पत्रिका थरांसकट जशाच्या तशा उघडल्या. कुलूप असे काही नव्हतेच.

गिंप हे स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेले आणि १९९६ पासून सर्वांना खुले असलेले सॉफ्टवेअर आहे. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण विक्रेते नेमका तिचाच आडोसा घेतात. गिंपच्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यानुसार प्रत विकण्यास मनाई नाही. क्रिटा या चित्रकलेच्या मुक्त सॉफ्टवेअरचे निर्माते स्वतःच स्टीम या ऑनलाइन दुकानावर ते पैसे घेऊन देतात आणि त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्यही ठेवतात, त्यात काहीही गैर नाही. मात्र विकणाऱ्याने मूळ परवाना सोबत दिला पाहिजे, सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ लिखित संहिता, उपलब्ध केला पाहिजे, आणि एकच संगणक, एकच वर्ष अशी बंधने त्याला लादता येत नाहीत. माझ्या बाबतीत हे तिन्ही नियम मोडले गेले.

छपाईच्या दृष्टीने त्या विक्रेत्याची दुसरी थाप अधिक नुकसानकारक ठरली. फाइल थेट प्रेसला द्या, सीएमवायके (छपाईच्या चार शायांची रंगपद्धत) तयारच असते, असे तो म्हणाला होता. प्रत्यक्षात ती पडद्यासाठीच्या आरजीबी रंगपद्धतीतच होती आणि कुंकवाचा लाल रंग ऑफसेटवर मळकट उतरला. २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० मध्ये सीएमवायकेत रंग कसे दिसतील याची झलक आणि निर्यात या सोयी आहेत, तरी थेट त्याच रंगपद्धतीत काम करायचे असल्यास क्रिटा घ्यावे आणि प्रेससाठीची पीडीएफ स्क्रायबस या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करावी. फोटोशॉपच्या पीएसडी फाइली गिंपमध्ये उघडतात, परंतु त्यातील प्रत्येक गोष्ट तशीच येईल असे गृहीत धरू नये.

विनामूल्य प्रत घेतानाही पत्ता स्वतः टाइप करावा. २०२२ मध्ये गूगलच्या शोधात gimp.org असे दाखवणारी एक जाहिरात प्रत्यक्षात बनावट संकेतस्थळावर नेत होती आणि तेथून पासवर्ड चोरणारा प्रोग्राम संगणकात शिरत होता.

मी बिलाची प्रत, फोल्डरची छायाचित्रे आणि नूतनीकरणाचे संदेश जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार चालत नाही, असे मला काहींनी सांगितले. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकच आहे. ज्यांच्याकडे अशी .xcf फाइल बनवणारी, वार्षिक नूतनीकरणाची प्रत असेल, त्यांनी पुढचा हप्ता थांबवावा, मूळ बिल जपून ठेवावे आणि आपली तक्रार स्वतंत्रपणे नोंदवावी.