नाताळची बिस्किटे: कच्चे गोळे गोठवावेत की भाजलेली बिस्किटे?

नाताळच्या आठवड्यात वांद्रे-माहीमच्या घरांत ओव्हनला उसंत नसते, म्हणून बिस्किटांचे काम डिसेंबरच्या सुरुवातीलाच उरकून ठेवणे शहाणपणाचे ठरते. प्रश्न एवढाच की फ्रीझरमध्ये कच्चे पीठ ठेवावे की भाजलेली बिस्किटे.

माझा कौल कच्च्या पिठाला आहे. लोणी, साखर आणि मैद्याच्या घट्ट पिठाचे गोळे ताटात सुटे मांडून आधी कडक गोठवावेत आणि मग हवा काढलेल्या पिशवीत भरावेत, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत. उणे 18 अंश सेल्सिअसला ते साधारण तीन महिने चांगले राहतात; हवे तेवढेच काढून न वितळवता भाजता येतात, फक्त दोन-तीन मिनिटे जास्त द्यावी लागतात. पाहुणे दारात असताना घरभर दरवळणारा ताज्या लोण्याचा वास मला फार मोलाचा वाटतो. सैल, ओतण्याजोग्या मिश्रणाला मात्र ही रीत चालत नाही.

भाजलेली बिस्किटे जागा अधिक अडवतात, आणि मुंबईतल्या लहान फ्रीजमध्ये ही अडचण खरीच आहे. पण ऐन सणाला ओव्हन केकसाठी अडकणार असेल, तर तीच सोयीची. ती पूर्ण गार झाल्यावरच भरावीत आणि बाहेर काढल्यावर डबा तासभर उघडू नये, कारण आपल्या दमट हवेतली वाफ थंड बिस्किटांवर पाणी होऊन बसते आणि त्यांचा खुसखुशीतपणा जातो. आयसिंग नंतरच करावे.