व्हॅक्यूम पिशव्या: एक पावसाळा आणि एका निळ्या बुचानंतर

आधी तक्रार, कारण तिच्यासाठीच लिहायला बसले आहे. मला एक बूच हवं आहे. निळं, प्लॅस्टिकचं, फिरवून बसवायचं. कपडे दाबून ठेवायच्या व्हॅक्यूम पिशवीवर हवा काढायचं जे तोंड असतं, त्याच्यावरचं. पिशवी धडधाकट आहे, झिप धडधाकट आहे, पंप चालतो. बूच तेवढं गेलं आहे आणि ते सुटं मिळत नाही.

पिशव्या म्हणजे काय, हवा कशी काढायची, हे सांगत बसत नाही. जाहिरातीत रजई पापडासारखी चपटी होताना सगळ्यांनी पाहिली आहे. मी लिहितेय ती मे महिन्यात सेट घेतल्यापासून दिवाळी उलटून जाईपर्यंतची गोष्ट. गोव्यात, फोंड्यात, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये.

घेण्याचं कारण चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, अंथरूण-पांघरूण. मूळ घर गावात, पण पाहुण्यांची सोय आमच्याकडून जाते. गाद्यांवरच्या चादरी, उश्या, पांघरुणं, हे सगळं वर्षातून चार-पाच दिवस लागतं आणि उरलेलं वर्ष आमच्या दिवाणाच्या पोटात बसून असतं. वर गल्फहून आलेली ब्लँकेटं. वाघाचं चित्र असलेलं ते जाड, मखमली ब्लँकेट ज्या घरात नाही असं घर गोव्यात शोधावं लागेल. आमच्याकडे दोन वाघ आहेत. डिसेंबरातसुद्धा ते अंगावर घेतलं तर माणूस घामाने निथळतो, आणि काकांनी उचलून आणलेलं म्हणून टाकवत नाही.

पहिला महिना मी ह्या पिशव्यांवर बेहद्द खूश होते. वाघ चपटे झाले. दिवाणाचं झाकण, ज्यावर बसून कडी लावावी लागायची, ते एका हाताने मिटायला लागलं. जूनच्या सुरुवातीला लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते आणि जावेला एक सेट भेटही दिला असता.

मग दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे मोकळी झालेली जागा मोकळी राहिली नाही. दिवाणाचा अर्धा भाग रिकामा दिसल्यावर घरातल्या प्रत्येकाला वेगळंच काहीतरी सुचलं. नवऱ्याची कॅम्पिंगची चटई आली (कॅम्पिंग झालेलं नाही). पावसाळी सेलमधले डबलबेडच्या चादरींचे सेट आले, एकावर एक फुकट. फुकटचा सेट कुठे ठेवायचा हा प्रश्न एरवी तरी पडला असता. आता उत्तर तयार होतं, पिशवीत. ह्या पिशव्यांचा खरा दोष काय असेल तर हाच. सामान कमी न होता कमी दिसतं, आणि डोळ्यांना कमी दिसलं की हात पुन्हा खरेदीला मोकळे. सासूबाई ते सगळं बघत होत्या. आमच्याकडे मे महिन्यात पुरुमेंत करायची पद्धत अजून आहे: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुकी मिरची, सोलं, चिंच, कांद्याच्या माळा, सुके बांगडे. पावसाचे चार महिने निघतील इतकं. चादरींचा दुसरा सेट पिशवीत जाताना पाहून त्या म्हणाल्या, ‘पुरुमेंत पावसापुरतं करतात गो. हे कुठल्या पावसासाठी?’

दुसरी गोष्ट बुचाची. जुलैत एके सकाळी दिवाण उघडला तर दोन पिशव्या टम्म फुगलेल्या. फाटल्या असतील म्हणून उलटसुलट करून पाहिल्या, छिद्र नाही. झिप दोनदा दाबली, पुन्हा हवा काढली, दोन-तीन दिवसांत पुन्हा फुगवटा. मग मी पद्धतशीर बसले, कारण असल्या बाबतीत मला झोप लागत नाही. आधी हवा काढून बुचावर चिकटपट्टी घट्ट लावली. पिशवी चपटीच राहिली. म्हणजे झिप निर्दोष. मग बुचांची अदलाबदल केली, गळक्या पिशवीचं बूच चांगल्या पिशवीला आणि उलट. चांगली पिशवी फुगली, गळकी शांत. दोष बुचांतच, शंकाच नको. आत एक पातळ रबरी चकती असते, ती तोंडावर बसून हवा अडवते. बूच फिरवताना आटे किंचित झिजले किंवा रजईचा एखादा धागा त्या चकतीखाली अडकला की बाहेरची हवा आरामात आत शिरते. ज्यांची पिशवी फुगते त्यांनी पिशवी फेकण्याआधी तोंड कोरड्या ब्रशने झाडून पाहावं. एका बुचाला त्याने फरक पडला. दुसऱ्याचे आटेच गेलेले होते.

तर मी ग्राहक सेवेला फोन केला. एक बूच द्या, पैसे घ्या. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. ‘मॅडम, बूच वेगळं येत नाही. तुमच्यासाठी पूर्ण सेट चाळीस टक्के सवलतीत पाठवू शकतो.’ मी म्हटलं, माझ्याकडे सेट आहे. ‘मग हा दुसरा होईल मॅडम.’ मी म्हटलं, बाई, घरातलं सामान कमी करायला तुमची वस्तू घेतली, आणि तुम्ही मला तीच वस्तू आणखी आठ घ्यायला सांगताय. ती म्हणाली, ‘मी तुमची अडचण समजू शकते.’ ईमेल केला, फोटो पाठवले, पुन्हा तेच उत्तर, फक्त सवलत पंचेचाळीस झाली. चार पैशांच्या प्लॅस्टिकसाठी आठ पिशव्या आणि एक पंप कचऱ्यात घालायचा सल्ला मला लेखी मिळाला आहे. ही पिशवी नायलॉन आणि पॉलिइथिलीनच्या थरांची असते. हवा अडवायचं काम नायलॉनचं, झिप चिकटण्याचं पॉलिइथिलीनचं. दोन वेगळी प्लॅस्टिकं एकमेकांना चिकटवलेली असली की पुनर्वापर करणाऱ्यांना ती नको असतात. म्हणजे सुक्या कचऱ्यात टाकून मनाचं समाधान करून घ्यायची सोयसुद्धा नाही.

इथे माझं मत पुन्हा फिरलं, आणि ते का फिरलं ते सांगायला पावसाचं सांगावं लागेल.

फुगलेल्या पिशवीतले कपडे जुलैत परत बंद करता येत नाहीत. निदान गोव्यात नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. हवेतला दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला आमंत्रण लागत नाही, आणि आमच्याकडे जुलैत तो आकडा किती तरी वर असतो. हाताला कोरडं वाटणारं सुतीसुद्धा कोरडं नसतं: हवेत पासष्ट टक्के दमटपणा असताना सूत आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून बसतं, लोकर त्याच्या जवळजवळ दुप्पट. पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून वाघ पावसात पुन्हा बंद केले तरी चालले, पण सुती चादरी त्या हवेत बंद करायच्या म्हणजे ओल आत कोंडायची. हवा काढली म्हणजे पाणी निघालं असं नाही, ही गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते. पिशवी भरायची असेल तर मे महिन्याच्या कडक उन्हात कपडे वाळवून, थंड करून भरा, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहा. मधल्या काळात इस्त्री करूनसुद्धा माझा विश्वास बसत नाही.

तर गळक्या पिशवीतल्या चादरी बाहेर राहिल्या, पलंगाच्या कडेला, ढिगाने. ढीग डोळ्यांसमोर असला की काहीतरी करावंच लागतं. रोज त्याला वळसा घालून कपाटाकडे जायचं, रोज चिडायचं. पहिल्या आठवड्यात त्यातल्या काही वापरायला काढल्या आणि रोजच्या विटलेल्या चादरी पुसायच्या फडक्यांत गेल्या. काही चवथीला गावच्या घरी नेल्या आणि परत आणल्या नाहीत, तिथल्या पेटाऱ्यातच ठेवल्या, जिथे त्या मुळात लागतात. हे आधी कुणाला का सुचलं नाही, देव जाणे. त्याच वेळी ज्या पिशव्यांची बुचं उत्तम होती त्या तशाच पडून होत्या. मी ऑक्टोबरात त्या उघडल्या तेव्हा आत काय आहे हे मला चिठ्ठी वाचून कळलं.

म्हणजे ज्या पिशव्यांनी काम केलं त्यांनी घरातलं काहीच हलवलं नाही, आणि ज्या बिघडल्या त्यांच्यातलं सामान निम्म्यावर आलं. कंपनीला हे सांगितलं तर वैशिष्ट्य म्हणून विकतील. पण पसारा आवरायचा उत्साह टिकवण्याबद्दल जे काही सांगतात, रोज पंधरा मिनिटं, महिन्याला एक खण, ते माझ्याकडून कधी झालेलं नाही. माझ्याकडून झालं ते वाटेत येणाऱ्या गोष्टीवर चिडून. आता बंद पिशव्याही मेमध्ये आणि दिवाळीआधी मुद्दाम उघडायच्या असं ठरवलं आहे. तसंही सहा महिन्यांनी हवा बदलून घडी उलटावी लागते, नाहीतर रजईचा कापूस बसतो आणि फुगतच नाही.

देऊन टाकण्याचं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना विचारलं, तर त्या हसल्या, ‘आमचंपण कपाट भरलंय.’ खरं आहे, दोनशे रुपयांत नवी साडी मिळत असताना माझी उतरलेली सिंथेटिक कोण घेईल? जुन्या सुती साड्यांची वाकळ होते, सासूबाईंच्या हातची आमच्याकडे आहे, धुऊन धुऊन मऊ झालेली. सिंथेटिकची होत नाही, ती घाम शोषत नाही आणि टाके सरकतात. जुन्या लोकरी कपड्यांचं सूत पानिपतला पुन्हा कातलं जातं आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात. म्हणजे कुणाचा तरी स्वेटर कुणाच्या तरी घरी ब्लँकेट होऊन परत दिवाणात. ही साखळी कुठे तुटते ते मला अजून सापडलेलं नाही.

खरेदीवर थोडा लगाम लागला तो सासूबाईंच्या त्या वाक्याने. पुरुमेंताला बरणीचं माप असतं. सोलांची बरणी भरली की सोलं थांबतात, बाजारात कितीही चांगली असोत. तसं आम्ही प्रत्येकाला एक पिशवी दिली. अंथरूण-पांघरुणाला एक मोठी, गावच्या घरात ठेवलेलं वेगळं. पिशवीत मावत नसेल तर आधी आतलं काहीतरी बाहेर काढायचं, मग नवीन. मुलगा तेव्हापासून ‘माझ्या पिशवीत जागा आहे का’ विचारतो, बहुतेक थट्टेने. मी आणखी एक केलं: प्रत्येक पिशवीत वरच्या बाजूला कागद, त्यावर तारीख, काय आहे आणि घेतलं तेव्हाची किंमत. पिशवी पारदर्शक, त्यामुळे सेल लागला की दिवाण उघडून बेरीज वाचता येते. माझ्यासारख्या चिकट बाईला दुसरं औषध लागत नाही. नवऱ्याने चटईची किंमत लिहायला नकार दिला आहे.

काय भरावं, काय नाही, तेवढं सांगून थांबते. जाड पॉलिस्टर रजई, उश्या, वाघ: उत्तम, आकार पाव होतो. साड्या, चादरी, पँट: फारसा फरक नाही, त्यांच्यात काढायला हवाच नसते, शिवाय वजन तेवढंच, लॉफ्टवर भार तेवढाच. जरीच्या आणि रेशमी साड्या अजिबात नको, दाबाने घडीवर जर तुटते, त्या मलमलीत गुंडाळून अधूनमधून घडी बदललेल्याच बऱ्या. सासूबाई त्यांचं पैठणीचं गाठोडं मला हातही लावू देत नाहीत आणि ह्यावर आमचं एकमत आहे. डांबर गोळ्या पिशवीत टाकू नका. पंप हाताचा घ्या, विजेचा घेऊन आणखी एक चार्जर सांभाळायचा कशाला.

गेलेल्या बुचाखाली सध्या फोंड्यातल्याच तिस्कावरच्या हार्डवेअरवाल्याकडून आणलेला नळाचा बारीक वॉशर बसवला आहे. महिनाभर तरी हवा धरतो. कंपनीचं काल पुन्हा कूपन आलं, आता पन्नास टक्के.

पुन्हा घेईन का? दोन मोठ्या पिशव्या सुट्या मिळाल्या तर घेईन, आठचा सेट नाही. रजईसाठी साडेचार तारे, साड्यांसाठी एक, ग्राहक सेवेला शून्य. त्या मुलीच्या गोड बोलण्याचा अर्धा वेगळा धरावा.