‘रात्रभर दारे उघडी ठेवा’ : फ्रिजमध्ये गॅस भरण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या सोलापूरच्या घरातल्या फ्रिजचा खालचा कप्पा थंड होईनासा झाला. वर फ्रीझरमध्ये बर्फाचा ट्रे नेहमीसारखा गोठत होता, पण खाली ठेवलेले दूध संध्याकाळपर्यंत नासत होते आणि भाजीच्या ट्रेमधली कोथिंबीर एका दिवसात पिवळी पडत होती. फ्रिज दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री आणि सात वर्षांचा. सासूबाईंच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या त्यातच असतात आणि त्या २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. बाहेर पारा चाळिशीच्या वर असल्यामुळे कुप्या शेजारच्या घरी ठेवून मी लगेच दुरुस्तीच्या मागे लागले, आणि त्या घाईत जे करायला नको होते ते केले. फ्रिजसोबत आलेले वॉरंटी कार्ड शोधण्याऐवजी मोबाइलवर कंपनीच्या नावापुढे ‘कस्टमर केअर नंबर’ असे लिहून शोधले आणि सर्वांत वर दिसलेल्या नंबरवर फोन केला.

फोनवरच्या मुलीने कंपनीचे नाव घेऊनच नमस्कार केला, तक्रार क्रमांक दिला आणि दोन तासांत माणूस येईल असे सांगितले. तो खरोखरच दीड तासात आला. कंपनीचे चिन्ह छापलेला शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात हत्यारांची पेटी आणि एक लहान सिलिंडर असा त्याचा थाट होता. त्याने फ्रिजचे दार उघडून आत हात फिरवला, मागे जाऊन कंप्रेसरला हात लावला आणि म्हणाला, “ताई, कंप्रेसर चालू आहे, पण गॅस संपलाय. सात वर्षांत संपतोच.” त्यानंतर त्याने गॅसच्या वासाने म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो असे सांगून आम्हां सर्वांना बाहेरच्या खोलीत बसायला लावले आणि स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले. पाऊण तासाने तो बाहेर आला. पावतीवर त्याने ‘गॅस चार्जिंग, आर-१३४ए, ४५० ग्रॅम’ असे लिहिले आणि ३,८०० रुपये रोख घेतले.

जाताना त्याने जी सूचना दिली, तिच्यातच सगळी मेख होती. “आता फ्रिज बंदच ठेवा. दोन्ही दारे रात्रभर उघडी ठेवा, म्हणजे गॅस सेट होतो. खाली थोडे पाणी येईल, त्याची काळजी करू नका. उद्या दुपारी चालू करा.” आम्ही तंतोतंत तसे केले. रात्री फ्रिजखाली इतके पाणी आले की दोन वेळा फरशी पुसावी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रिज चालू केला आणि संध्याकाळपर्यंत खालचा कप्पा पूर्वीसारखा गार झाला. साहजिकच गॅसच संपला होता याबद्दल आमच्या मनात शंका उरली नाही. मी तर त्याचा नंबर माझ्या बहिणीलाही दिला, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

अकराव्या दिवशी दूध पुन्हा नासले. तोच माणूस पुन्हा आला. या वेळी त्याने कंप्रेसर ‘कमजोर’ असल्याने तो गॅस धरत नाही असे निदान केले, कंप्रेसर बदलण्याचा खर्च १४,००० रुपये सांगितला आणि त्यातले ७,५०० रुपये आगाऊ मागितले. पैसे ज्या क्यूआर कोडवर भरायचे होते त्यावर कंपनीचे नव्हे, एका व्यक्तीचे नाव दिसत होते. मी विचारले तेव्हा ते फ्रँचायझीच्या मालकांचे खाते असल्याचे उत्तर मिळाले. घरात आजारी माणूस, दारात उभा असलेला गणवेशातला माणूस आणि आधी एकदा आलेला ‘गुण’, या तिन्हींमुळे मी पैसे पाठवले. त्यानंतर चार दिवस “कंप्रेसर पुण्याहून निघालाय” असे उत्तर येत राहिले आणि पाचव्या दिवसापासून फोन लागेनासा झाला. एकूण ११,३०० रुपये गेले.

आमच्या गल्लीत आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचे शिल्प निदेशक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना सर म्हणतो. खरे तर पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे जायला हवे होते. त्यांनी पूर्ण हकीकत ऐकली आणि एकच प्रश्न विचारला : “वर बर्फ होतोय आणि खाली गार होत नाही, मग पंख्याचा आवाज येतो का?” फ्रिजचा प्लग काढून त्यांनी फ्रीझरमधली फळी बाहेर घेतली, मागच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे दोन स्क्रू काढले आणि पत्रा हलक्या हाताने सोडवला. आत थंडावा निर्माण करणारी ॲल्युमिनियमची कॉइल असते. ती दिसतच नव्हती. वरपासून खालपर्यंत बर्फाची एक घट्ट लादी तयार झाली होती.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंडावा तयार होतो तो फक्त या कॉइलवर. पंखा ती थंड हवा फ्रीझरमध्ये आणि एका वाटेने खालच्या कप्प्यात ढकलतो. हवेतला दमटपणा कॉइलवर बर्फ होऊन बसतो, म्हणून ठरावीक तासांनी कंप्रेसर आपोआप थांबतो आणि कॉइलखालचा हीटर काही मिनिटे चालू होऊन तो बर्फ वितळवतो. ते पाणी नळीवाटे मागच्या थाळीत जाऊन सुकते. या हीटरच्या वाटेवर दोन पहारेकरी असतात : कॉइल पुरेशी गार असेल तरच हीटरला वीज जाऊ देणारा बायमेटल, आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेली तर कायमचा तुटणारा थर्मल फ्यूज. यांपैकी एक जरी निकामी झाला तरी हीटर पेटत नाही, बर्फ साचत जातो, पंख्याची हवा अडते आणि खालचा कप्पा गरम होऊ लागतो. कॉइलच्या शेजारी असल्याने फ्रीझर मात्र बरेच दिवस तग धरतो.

हे ऐकताना माझ्या लक्षात आले की त्या माणसाला नेमका बिघाड पहिल्याच दिवशी कळला होता. दारे रात्रभर उघडी ठेवायला सांगणे म्हणजे साचलेला बर्फ वितळवून घेणे. फरशीवर आलेले पाणी ‘गॅस सेट’ होण्याचे नव्हते, त्या लादीचे होते. बर्फ गेला म्हणून फ्रिज गार झाला, आणि हीटर बंदच असल्याने अकरा दिवसांत लादी पुन्हा जमली. त्याने स्वतः काहीही केले नव्हते. दुरुस्ती आमच्याच हातून, फुकट करवून घेऊन त्याने तिचे ३,८०० रुपये घेतले आणि पुन्हा बिघाड होणार हे ठाऊक असल्यामुळे पुढच्या ७,५०० रुपयांची सोयही करून ठेवली.

गॅस भरलाच नव्हता, याचा पुरावा सरांनी मला फ्रिजच्या मागे नेऊन दाखवला. कंप्रेसरमधून एक आखूड तांब्याची नळी बाहेर आलेली असते. कारखान्यात तिच्यातून गॅस भरतात आणि नंतर तिचे टोक चिमटून बंद करतात. गॅस पुन्हा भरायचा तर ती नळी कापावी लागते किंवा तिच्यावर नवी झडप बसवावी लागते. आमच्या नळीचे टोक कारखान्यातून आले तसेच होते, त्यावर सात वर्षांची धूळ अखंड होती. शेजारच्या स्टिकरवर गॅसचे नाव आर-६००ए आणि वजन ग्रॅममध्ये दोन आकडी लिहिलेले होते. पावतीवर मात्र वेगळाच गॅस आणि त्याच्या कित्येक पट वजन होते. हे स्टिकर मी सात वर्षांत एकदाही वाचले नव्हते. ज्यांच्या घरी असा माणूस येणार असेल त्यांनी तो येण्यापूर्वी त्या स्टिकरचा आणि नळीच्या टोकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

गॅस ‘वापरून संपतो’ हे विधानही खोटे आहे. ती नळ्यांची व्यवस्था पूर्णपणे बंद असते आणि तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. योग्य पद्धतीत आधी दाब देऊन गळती शोधतात, ती बुजवतात, फिल्टर बदलतात, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांमधली हवा आणि ओल काढतात आणि मग काट्यावर मोजून गॅस सोडतात. पाऊण तासात, काट्याशिवाय आणि पंपाशिवाय हे होत नाही. सरांनी ओळखण्याची खूणही सांगितली : गॅस कमी असेल तर कॉइलच्या सुरुवातीच्या थोड्याच भागावर बर्फ धरतो आणि उरलेली कॉइल कोरडी राहते, म्हणून सहसा वरचा आणि खालचा असे दोन्ही कप्पे गरम होत जातात. आमच्याकडे नेमके उलटे होते.

पुढची दुरुस्ती आम्ही घरीच, सरांच्या देखरेखीखाली केली. फ्रीझरमध्ये गरम पाण्याचे पातेले ठेवून आणि ते बदलत राहून बर्फ वितळवला. चाकू किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडायचा नाही हे त्यांनी दोनदा बजावले, कारण कॉइलला बारीकसे छिद्र पडले तरी गॅस खरोखरच जातो आणि मग मोठा खर्च टळत नाही. मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा हीटर शाबूत निघाला आणि थर्मल फ्यूज तुटलेला. बायमेटलही तुटलेला दाखवत होता, पण तो खोलीच्या तापमानाला तसाच दाखवतो आणि पुरेसा गारठल्यावरच जोडला जातो, त्यामुळे त्याची परीक्षा शेजारच्यांच्या फ्रीझरमध्ये तासभर ठेवून करावी लागली. तिथे तो बरोबर जोडला गेला. तरीही सरांनी दोन्ही भाग बदलायला लावले, कारण बायमेटल कधी कधी अडकून बसतो, त्यामुळे हीटर गरजेपेक्षा जास्त तापतो आणि नवा फ्यूजही पुन्हा जातो. दोन्ही मिळून ३८० रुपयांना आले. फ्यूज काढून तारा थेट जोडण्याचा सल्ला एका दुकानदाराने दिला होता. तो ऐकून सर फार संतापले, कारण आजूबाजूला सगळे प्लास्टिक असताना हीटरला थांबवणारा शेवटचा भाग तोच असतो.

घरी काय करावे आणि कशाला हात लावू नये याबाबत मी आता ठाम आहे. प्लग काढून चोवीस तास फ्रिज उघडा ठेवणे, दाराचे रबर नीट चिकटते का हे कागदाची पट्टी दारात धरून पाहणे, दाराचे बटण दाबून पंख्याचा आवाज ऐकणे, पाणी वाहून जाण्याचे भोक तुंबले आहे का ते बघणे, एवढे कोणालाही जमते. चोवीस तास उघडा ठेवल्यावर फ्रिज आठ-दहा दिवस नीट चालून पुन्हा तसाच झाला, तर गॅस भरायला सांगणाऱ्याला घरात घेऊ नये. उलट गॅसचे काम घरी कोणीही करू नये. आर-६००ए हा पेट घेणारा वायू आहे, आणि बंद स्वयंपाकघरात त्याच्याजवळ आगीचा दिवा वापरणे जिवावर बेतू शकते.

फ्रिज सुरू झाल्यावर मी वॉरंटी कार्डावरच्या खऱ्या नंबरवर फोन केला. आमच्या नावाने कोणतीही तक्रार नोंदलेली नव्हती, आणि आमच्या कंप्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी होती. म्हणजे कंप्रेसर खरोखर गेला असता तरी तो भाग विकत घ्यावा लागला नसता. ७,५०० रुपये देण्यापूर्वी हे कार्ड कपाटातून काढले असते तर निदान तेवढी रक्कम वाचली असती.

आर्थिक फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर मी त्यानंतर तक्रार नोंदवली. तिथे पहिला प्रश्न पैसे कधी पाठवले हा होता. मी नऊ दिवसांनी फोन करत होते आणि तोपर्यंत खाते रिकामे झाले होते. रक्कम पुढे सरकण्याआधी तक्रार गेली तर ती खात्यात गोठवता येते, त्यामुळे संशय येताच त्याच तासात फोन करावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही, परंतु तिथे समोरच्याचे नाव आणि पत्ता लागतो, आणि पावतीवरचा पत्ता शोधत गेल्यावर तिथे एक रिकामा गाळा निघाला. रोख दिलेल्या ३,८०० रुपयांचा तर माग काढण्याचा मार्गच नाही.

माझी तक्रार अजून उघडी आहे. पोलिसांनी मला सांगितले की त्याच नंबरविरुद्ध आणखी तक्रारी आल्या तर तपासाला मदत होते. म्हणून ज्यांना कोणाला गॅस भरल्यानंतर रात्रभर दारे उघडी ठेवायला सांगितले गेले आहे, त्यांनी पावती, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि कंप्रेसरच्या नळीच्या टोकाचा फोटो घेऊन, रक्कम लहान असली तरी, आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.