काझीरंगाची जिप्सी सफारी : गेंडे भरपूर, माहिती तुटपुंजी

ताडोब्यात तीन फेऱ्या करूनही वाघाने दर्शन न दिल्याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे आम्ही आसामलाही फारशी आशा न धरताच गेलो होतो. प्रत्यक्षात बागोरी परिक्षेत्राच्या फाटकातून आत शिरल्यावर दहा मिनिटांत पहिला गेंडा दिसला आणि पुढे मोजणेच सोडून द्यावे लागले. २०२२ च्या गणनेत काझीरंगात २,६१३ गेंडे नोंदले गेले, म्हणजे जगातले सुमारे दोनतृतीयांश एकशिंगी गेंडे याच एका राष्ट्रीय उद्यानात आहेत. तेव्हा आमच्या नशिबाचा यात भाग थोडाच.

आम्ही फेब्रुवारी निवडला तो योग्य ठरला, कारण वाळलेले हत्तीगवत तोवर जाळलेले असते आणि कोवळे फुटवे खायला जनावरे उघड्यावर येतात. चालकाने गाडी पुरेशी लांब थांबवून इंजिन बंद केले, तेव्हा पिल्लासह चरणाऱ्या मादीच्या तोंडून गवत तुटल्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येत होता. तिच्या कातडीच्या घड्यांत चिखल सुकून भेगाळला होता आणि पाठीवर दोन मैना निवांत बसल्या होत्या. चालकाला याबद्दल पूर्ण गुण.

तक्रार आहे ती आरक्षण करून देणाऱ्या मध्यस्थाबद्दल. हिंदी जाणणारा मार्गदर्शक मिळेल असे सांगून त्याने पैसे घेतले; मार्गदर्शक आलाच नाही. जे कळले ते पुढच्या आसनावर बंदूक घेऊन बसलेल्या वनरक्षकाकडून. रस्त्याकडेच्या लिदीच्या मोठ्या ढिगाकडे बोट दाखवून त्याने सांगितले, की गेंडे पुन्हा पुन्हा ठरावीक जागीच लीद टाकतात आणि शिकारी नेमके तिथेच दबा धरून बसत. ज्या शिंगासाठी हा खटाटोप, ते आपल्या नखांसारख्याच केराटिनचे असते. आसाम सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये साठ्यातली २,४७९ शिंगे बोकाखात येथे जाहीरपणे जाळली, आणि २०२२ मध्ये राज्यात एकाही गेंड्याची शिकार झाली नाही.

मध्यस्थाच्या माहितीपत्रकात मात्र गेंडा ‘नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर’ असल्याचे छापले होते, ते आता खरे नाही. एकशिंगी गेंडा २००८ पासून आंतरराष्ट्रीय यादीत ‘संकटग्रस्त’ऐवजी त्याहून कमी धोक्याच्या ‘असुरक्षित’ गटात आहे. काळजी निराळीच आहे. इतके गेंडे एकाच पूरक्षेत्रात राहतात, ब्रह्मपुत्रेला पूर आला की जनावरे महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे धावतात, आणि म्हणूनच आसाममधल्याच मानस राष्ट्रीय उद्यानात गेंडे पुन्हा वसवण्याचे काम मोलाचे ठरते. हे पर्यटकाला फाटकावरच सांगायला काय हरकत आहे?

पाचपैकी चार तारे. दुसरी फेरी सकाळी काझीरंगाच्याच आगरातोली परिक्षेत्रात करावी. तिथे गर्दी कमी असते आणि पाणपक्षी विपुल दिसतात. मार्गदर्शक समोर उभा राहिल्याशिवाय त्याचे पैसे मात्र देऊ नयेत.