दोन हुकांचा सेफ्टी बेल्ट: आठ महिने वापरल्यानंतर

वाकडजवळच्या अकरा मजली इमारतीवर मी साइट इंजिनिअर आहे. सेंट्रिंगवाल्यांसाठी (स्लॅबचा साचा उभारणाऱ्यांसाठी) आणि बाहेरच्या प्लास्टरवाल्यांसाठी भोसरीतल्या एका दुकानातून 12 फुल बॉडी बेल्ट घेतले. नगाला 2,450 रुपये पडले. पाठीवर डी-रिंग (दोर अडकवायची कडी), टोकाला हुक असलेले दोन दोर, त्यांच्या मुळाशी शॉक अ‍ॅब्सॉर्बरची, म्हणजे झटका पचवणारी, शिवलेली पिशवी, आणि आयएस 3521 या भारतीय मानकाचा शिक्का.

आधीचे बेल्ट 900 रुपयांचे होते. पोरं ते घालायची, पण हुक स्वतःच्याच कमरेच्या पट्ट्याला अडकवून परांचीवर फिरायची. फोटोत सगळं झकास दिसायचं. दोन वर्षं मी त्यांच्यावर ओरडलो. मग एकदा स्वतः चढलो आणि कळलं की तो इवलासा हुक परांचीच्या पाइपवर बसतच नाही. पाइप बाहेरून 48 मिलिमीटरचा, हुकाचं तोंड त्याच्या निम्मं. अडकवणार कुठे? खरेदी माझी होती, शिव्या त्यांनी खाल्ल्या.

नव्या बेल्टचा हुक मोठा आहे. हातमोजा घालून एका हाताने उघडतो, पाइपवर खट्‌कन बसतो. दोर दोन असल्यामुळे पुढचा हुक लागल्यावरच मागचा काढायचा, म्हणजे माणूस एक क्षणही मोकळा राहत नाही. पैसे वसूल झाले ते इथेच.

आता जे दुकानदार सांगत नाही ते. दोर 1.8 मीटर. झटका बसला की पिशवीची शिवण उसवत जाते आणि दोर आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबू शकतो. पाठीच्या रिंगपासून पायापर्यंत साधारण दीड मीटर, वर एक मीटर राखीव. बेरीज सहा मीटरच्या पुढे जाते. म्हणजे हुक पायाशी लावला असेल तर खाली तेवढी मोकळी जागा हवी. पहिला स्लॅब तीन मीटरवर! मुकादमाला हा हिशेब वहीवर काढून दाखवला, तर म्हणाला, "साहेब, मग खालच्या मजल्यांना हा नुसता गळ्यातला दागिनाच." बरोबर बोलला. तिथे आम्ही आता कडेला रेलिंग आणि फळ्या आधी लावतो, माणूस नंतर चढवतो. वरच्या मजल्यांवरही हुक डोक्याच्या वर लावायचा, पायाशी नाही.

एक बेल्ट मी मुद्दाम वाया घालवला. 100 किलो वाळूचं पोतं दोराला बांधून पाचव्या मजल्यावरून सोडलं. पिशवी टराटरा उसवली, पोतं हिसका खाऊन लटकलं. खाली सगळे बघत होते. लेखा विभागाने 2,450 रुपयांचं कारण विचारलं, ते मी 'प्रशिक्षण' असं लिहून दिलं. एकदा झटका खाल्लेला बेल्ट कितीही धड दिसला तरी फेकायचाच, हेही त्याच दिवशी सगळ्यांना सांगून झालं.

तक्रारी आहेत. मांड्यांच्या पट्ट्यांच्या बकलात सिमेंटची स्लरी जाऊन बसते, दर शनिवारी जुन्या टूथब्रशने घासावी लागते. साइझ एकच, त्यामुळे किडकिडीत पोराच्या मांडीवर पट्टा पूर्ण ओढूनही सैल राहतो. लेबलवरची उत्पादनाची तारीख तीन महिन्यांत पुसली गेली, म्हणून प्रत्येकाला नंबर देऊन रजिस्टर ठेवलंय. दोन बेल्ट वेल्डिंगच्या ठिणग्यांनी गेले. पट्टा पॉलिएस्टरचा, ठिणगीचं भोक पडलं की संपला.

शिवाय पडलेला माणूस लटकत राहिला तर पट्ट्यांनी पायातलं रक्त अडतं आणि काही मिनिटांतच तो बेशुद्ध पडू शकतो. त्याला उतरवायची सोय बेल्टबरोबर येत नाही, ती आपणच करायची. आमच्याकडे त्यासाठी वेगळा दोर आणि शिडी ठेवलेली असते, तिला दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही.

पाचपैकी चार. कापलेला गुण बकलाचा.

घ्यायला जाल तेव्हा परांचीच्या पाइपचा वीतभर तुकडा पिशवीत टाकून न्या. मी नेला तेव्हा दुकानदार हसला होता. त्याने काउंटरवर मांडलेल्या पाच हुकांपैकी दोनच त्यावर बसले.